गाडी एकाच गिअरमध्ये अडकली तर गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑटोमॅटिक गाडी चालता चालता एकाच गिअरमध्ये अडकली. उभी गाडी जड उचलते, वेग वाढवला की इंजिन ओरडतं पण पुढचा गिअर पडत नाही, चेक इंजिनचा दिवा लागला आहे. बंद करून पुन्हा सुरू केली की थोडा वेळ नीट चालते आणि मग पुन्हा तेच. गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल करावा लागेल असं सांगितलं आहे. करावा का? आणि मॅन्युअल गाडी अशी अडकली तर काय बघायचं?

आत्ता तरी गिअरबॉक्स उतरवू देऊ नका. बंद-सुरू केल्यावर थोडा वेळ का होईना सगळे गिअर पडतात, ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. जळालेला क्लच पॅक, म्हणजे गिअर धरून ठेवणाऱ्या क्लच प्लेटचा गठ्ठा, चावी फिरवून बरा होत नाही. एखादाच गिअर आतून घसरत असेल तरी गाडी अशी वागू शकते, त्यामुळे आतला बिघाड नाहीच असं मी म्हणत नाही. पण तो आहे हे आधी सिद्ध व्हायला हवं, आणि ते गिअरबॉक्स जागेवर असतानाच सिद्ध करता येतं.

सगळ्या तपासणीचा गाभा एकच आहे. गिअर बदलायचा हुकूम निघतोय का, आणि निघत असेल तर तो आत पाळला जातोय का? हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की अर्धी गोंधळाची जागा संपते. हुकूमच निघत नसेल तर दोष बहुतेक वेळा बाहेर असतो: वायर, सेन्सर, बॅटरी, कनेक्टर. हुकूम निघतोय पण पाळला जात नाही, तर तेल, सोलेनॉइड (करंटवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह), व्हॉल्व्ह बॉडी (तेलाच्या वाटांचा ठोकळा) आणि शेवटी क्लच पॅक, अशा क्रमाने आत जायचं.

आता हुकूम का थांबतो ते बघू. गिअरबॉक्सचा कंप्युटर, म्हणजे टीसीएम, सेन्सरकडून आलेल्या माहितीवर सोलेनॉइडना करंट देतो. सोलेनॉइड तेलाची वाट उघडतात-बंद करतात आणि त्या दाबाने क्लच पॅक धरले जातात. माहितीत काही विसंगत दिसलं की चुकीचा गिअर टाकून नुकसान करण्यापेक्षा टीसीएम सोलेनॉइडचा करंटच तोडतो. यालाच लिंप मोड म्हणतात. गिअरबॉक्स बनवतानाच अशी रचना केलेली असते की करंट नसला तरी एक पुढचा गिअर आणि रिव्हर्स मिळावा, म्हणजे गाडी रस्त्यात मधोमध बंद पडू नये. तो पुढचा गिअर कोणता, हे रचनेवर ठरतं. जनरल मोटर्सच्या ४एल६०ई या चार गिअरच्या ट्रान्समिशनमध्ये दोन्ही शिफ्ट सोलेनॉइड बंद असले की तिसरा गिअर असतो. मर्सिडीजच्या पाच गिअरच्या ७२२.६ मध्ये अडकल्यावर गाडी थांबवून पुन्हा सुरू केली की दुसरा आणि रिव्हर्स मिळतो. क्रायस्लरच्या ए६०४ मध्येही दुसराच.

म्हणून पहिलं काम: तुमची गाडी कोणत्या गिअरमध्ये अडकली आहे ते ठरवा, आणि तुमच्या गिअरबॉक्सचा लिंप मोडचा गिअर कोणता ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. दोन्ही जुळले तर टीसीएमने ठरवून गाडी तिथे ठेवली असण्याची शक्यता खूप मोठी आहे. जुळले नाहीत, उदाहरणार्थ लिंप मोडचा गिअर तिसरा आहे आणि गाडी पहिल्यातच अडकून बसली आहे, तर तपासाची दिशाच बदलते. लिंप मोडची आणखी एक खूण पायाखाली जाणवते. दाब नियंत्रित करणारा सोलेनॉइडही बंद असतो, त्यामुळे तेलाचा दाब पूर्ण चढलेला राहतो आणि पी मधून डी किंवा आर मध्ये टाकताना गाडीला चांगलाच धक्का बसतो. हा धक्का बघून अनेक जण गिअरबॉक्स गेला असं समजतात. तो फक्त जास्त दाबाचा परिणाम असतो.

दुसरं काम तुम्हीच करू शकता, आणि त्याला कुठलंही यंत्र लागत नाही. गाडी बंद करून सुरू केल्यावर ती नेमकी कोणत्या क्षणी पुन्हा अडकते, ते लिहून ठेवा. मी गाडी हातात घेतली की सगळ्यात आधी हेच विचारतो.

चावी फिरवल्याबरोबर, गाडी हलायच्या आधीच अडकत असेल, तर बहुतेक सर्किट तुटलेलं किंवा शॉर्ट आहे. टीसीएम सुरू होतानाच सोलेनॉइडची सर्किटं तपासून घेतो आणि तिथेच थांबतो. गाडी हलू लागल्यावर काही सेकंदांत अडकत असेल तर स्पीड सेन्सरवर संशय घ्या, कारण चाकं फिरताहेत आणि सेन्सर शून्य सांगतोय हे टीसीएमला तेव्हाच कळतं. दर वेळी एकाच बदलाला, समजा दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जातानाच, अडकत असेल तर त्या बदलात काम करणारा सोलेनॉइड, व्हॉल्व्ह किंवा क्लच पॅक. सकाळी नीट चालते आणि इंजिन-गिअरबॉक्स तापल्यावर अडकते, तर गरम झाल्यावर सुटणारं वायरिंग, सोलेनॉइडची वायंडिंग (आतली तारेची गुंडाळी) किंवा दाब गळणारी सील. आणि खड्ड्यातून गेल्यावर अडकत असेल तर सैल कनेक्टर किंवा कुठेतरी घासून उघडी पडलेली वायर. एवढी एक नोंद नीट असली की मेकॅनिकचं काम निम्म्याने कमी होतं.

तेल आणि बॅटरी हे दोन लगेच उरकायचे विषय, पण वगळायचे नाहीत. डिपस्टिक असेल तर गिअरबॉक्स गरम, गाडी सपाट जागेवर, इंजिन सुरू, लिव्हर एकदा सगळ्या पोझिशनमधून फिरवून पी मध्ये आणलेला, अशा स्थितीत लेव्हल बघतात. होंडाच्या बऱ्याच ट्रान्समिशनमध्ये मात्र इंजिन बंद करून लगेच बघायचं असतं, तेव्हा आपल्या गाडीची पद्धत वाचून घ्या. हल्ली पुष्कळ गाड्यांना डिपस्टिकच नसते. खालच्या लेव्हल प्लगमधून, तेल ठरावीक तापमानाला असताना, लेव्हल ठरवावी लागते आणि ते तापमान स्कॅनरवर बघत बघत करायचं काम आहे. तेल तांबूस आणि पारदर्शक असेल तर ठीक. काळपट आणि करपलेल्या वासाचं असेल तर क्लच पॅक घसरलेले आहेत. दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधल्या ऑइल कूलरमधून कूलंट मिसळतोय. तशा गाडीचं इंजिन पुन्हा सुरूही करू नका, कारण पाण्याने क्लच प्लेटवरचं अस्तर सुटतं. शेवटचं तेल कधी आणि कोणतं भरलं तेही विचारा. सीव्हीटी, ड्युअल क्लच आणि साधं ऑटोमॅटिक यांची तेलं एकमेकांऐवजी चालत नाहीत.

बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवी. व्होल्टेज पडलं की टीसीएम गोंधळतो आणि असंबद्ध कोड टाकतो. अर्थिंगची तपासणी बहुतेक गॅरेजांत होतच नाही. इंजिन सुरू ठेवा, हेडलाइट आणि ब्लोअर लावा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक गिअरबॉक्सच्या स्वच्छ धातूला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी गंजलेली किंवा सैल आहे. ती साफ करून घट्ट करा आणि मगच पुढे जा, नाहीतर पुढची सगळी मापं फसवी येतील.

आता स्कॅनर. साधा स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनचा कंप्युटर वाचतो आणि तिथे पी०७०० दिसतो. या कोडचा अर्थ एवढाच की टीसीएमकडे काहीतरी तक्रार आहे, जाऊन त्याला विचारा. पी०७०० बघून गिअरबॉक्स उतरवा म्हणणं म्हणजे निदान नव्हे. टीसीएमच्या आत जाऊन वाचणारा स्कॅनर हवा. कोड वाचा, सगळे लिहून घ्या, सोबतचा फ्रीझ फ्रेम डेटा, म्हणजे कोड पडला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, तेलाचं तापमान, तेही लिहून घ्या. त्याआधी कोणालाही कोड पुसू देऊ नका. बॅटरीचं टर्मिनल काढूनही कोड जाऊ शकतात, म्हणून तेही नको.

नेहमी भेटणारे कोड असे. पी०७०५ लिव्हर कुठे आहे ते सांगणाऱ्या रेंज सेन्सरचा. पी०७१५ इनपुट किंवा टर्बाइन स्पीड सेन्सरचा (इंजिनकडून गिअरबॉक्समध्ये येणारा वेग), पी०७२० आउटपुट स्पीड सेन्सरचा (चाकांकडे जाणारा वेग). पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, आणि पी०७३१ पासून पी०७३५ पर्यंत अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या गिअरचं. पी०७५० पासून शिफ्ट सोलेनॉइड सुरू होतात: ०७५० ए साठी, ०७५५ बी साठी, ०७६० सी साठी. यू०१०१ म्हणजे टीसीएमशी संपर्कच तुटला आहे. तिथे गिअरबॉक्सकडे बघायच्याही आधी टीसीएमचा फ्यूज, त्याचा सप्लाय आणि अर्थिंग बघायचं.

सोलेनॉइडच्या कोडमध्ये शेवटचा आकडा नीट वाचा, त्यावर खर्चाची दिशा ठरते. पी०७५३ सांगतो की सोलेनॉइड ए च्या सर्किटमध्ये इलेक्ट्रिकल दोष आहे. म्हणजे वायर, पिन किंवा वायंडिंग. पी०७५१ सांगतो की सर्किट ठीक आहे, करंट जातोय, पण अपेक्षित परिणाम दिसत नाही. म्हणजे सोलेनॉइड कचऱ्याने अडकलाय, त्याच्या पुढचा व्हॉल्व्ह अडकलाय किंवा दाब कुठेतरी गळतोय. दोन्ही कोडांवर डोळे झाकून सोलेनॉइड बदलले जातात, आणि पहिल्या प्रकारात दोष वायरीत असेल तर नवा सोलेनॉइड टाकूनही गाडी तशीच राहते.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथेच अंदाज संपतो. स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडा आणि चार गोष्टी एकत्र लावा: टीसीएमने मागितलेला गिअर, इनपुट स्पीड, आउटपुट स्पीड आणि लिव्हरची पोझिशन. एक जण गाडी चालवेल, दुसरा फक्त स्क्रीन बघेल. इनपुटला आउटपुटने भागलं की प्रत्यक्ष गुणोत्तर मिळतं. समजा तुमच्या गिअरबॉक्सच्या तक्त्यात दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.५५ आणि तिसऱ्याचं १.०० आहे. दुसरा गिअर मागितला असताना इनपुट १८६० आणि आउटपुट १२०० दिसलं, तर भागाकार १.५५. दुसरा गिअर व्यवस्थित धरलाय. आता टीसीएम तिसरा मागतो.

भागाकार १.५५ वरच राहिला तर हुकूम निघाला पण आत काहीच हललं नाही. तो सोलेनॉइड किंवा त्याचा व्हॉल्व्ह अडकलाय. भागाकार १.१५ सारखा, कोणत्याच गिअरशी न जुळणारा आणि ॲक्सिलरेटर दाबला की वाढणारा दिसला, तर तिसरा गिअर धरणारा क्लच घसरतोय. यात दाब कमी असणं आणि अस्तर झिजणं या दोन्ही शक्यता राहतात. गाडी सरळ एका वेगाने चाललेली असताना आउटपुट अचानक शून्यावर जाऊन परत आला, तर घसरणं वगैरे काही नाही, सेन्सर किंवा त्याची वायर तुटतेय. अशा एका क्षणाच्या तुटण्यामुळेही गुणोत्तराचा कोड पडतो, आणि पी०७३३ बघून तिसऱ्या गिअरचा क्लच गेला असं ठरवणारा माणूस चांगला गिअरबॉक्स खोलून बसतो. आणि मागितलेला गिअरच बदलत नसेल, स्क्रीनवर कायम तोच एक आकडा असेल, तर टीसीएमने हुकूम देणंच थांबवलंय. मग पुन्हा कोडकडे आणि वायरिंगकडे वळायचं.

स्कॅनरशिवायही गिअर कोणते पडतात यावरून बरंच कळतं. वर सांगितलेल्या ४एल६०ई मध्ये दोन शिफ्ट सोलेनॉइड आहेत. पहिल्या गिअरला ए आणि बी दोन्ही सुरू, दुसऱ्याला ए बंद आणि बी सुरू, तिसऱ्याला दोन्ही बंद, चौथ्याला ए सुरू आणि बी बंद. आता समजा ए कायमचा बंद राहिला. मग टीसीएमने पहिला मागितला की मिळतो दुसरा, दुसरा मागितला की दुसरा, तिसऱ्याला तिसरा आणि चौथ्यालाही तिसराच. म्हणजे गाडीला फक्त दुसरा आणि तिसरा आहे. बी कायमचा बंद राहिला तर पहिला मागितला की थेट चौथा मिळतो, मग तिसरा, तिसरा, चौथा. ए सुरूच राहून अडकला तर पहिला, पहिला, चौथा, चौथा. बी सुरूच राहून अडकला तर पहिला, दुसरा, दुसरा, पहिला. चालवताना नुसतं लक्ष देऊन ही माळ ओळखता येते. प्रत्येक गिअरबॉक्सचा असा तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. सहा-आठ गिअरच्या बॉक्समध्ये सोलेनॉइड जास्त आणि तक्ता मोठा, पण विचार हाच.

यातून एक गोष्ट लक्षात येईल. एक सोलेनॉइड अडकला तर सहसा दोन गिअर शिल्लक राहतात, अगदी एकच राहत नाही. खरोखर एकच गिअर आणि रिव्हर्स उरला असेल तर सगळ्या सोलेनॉइडचा करंट एकदम गेलाय, म्हणजे लिंप मोड किंवा सप्लाय तुटलेला, ही शक्यता वर येते.

आता कनेक्टर. गिअरबॉक्सच्या अंगावर जो मोठा वायरिंगचा कनेक्टर असतो, तो इग्निशन बंद करून काढा आणि आत टॉर्च मारून बघा. पिना कोरड्या आणि चकचकीत असायला हव्यात. हिरवट बुरशी म्हणजे पाणी गेलंय. तांबूस तेलाचा ओलावा म्हणजे कनेक्टरची सील गेली आहे. ७२२.६ चा हा प्रसिद्ध दोष: कनेक्टरच्या बुशच्या ओ-रिंगमधून तेल झिरपतं आणि वायरींच्या आतून वर चढत थेट टीसीएमपर्यंत जातं. तिथे नुसता कनेक्टर पुसून भागत नाही, टीसीएमचा प्लगही काढून बघावा लागतो. त्याच गिअरबॉक्समध्ये स्पीड सेन्सर आतल्या कंडक्टर प्लेटवर बसवलेले असतात. तो सेन्सर गेला तर ऑइल पॅन आणि व्हॉल्व्ह बॉडी उतरवून प्लेट बदलायची, गिअरबॉक्स गाडीतच राहतो.

कनेक्टर काढलाच आहे तर सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मोजून घ्या. साधे ऑन-ऑफ सोलेनॉइड अनेक गिअरबॉक्समध्ये ११ ते १५ ओहमच्या दरम्यान येतात, काहींत याहून जास्त. दाब नियंत्रित करणारे लिनिअर सोलेनॉइड साधारण ३ ते ६ ओहम. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलचा धरा. एक अनंत दाखवत असेल तर तुटलाय, शून्याच्या जवळ असेल तर शॉर्ट आहे. प्रत्येक पिन आणि गिअरबॉक्सची बॉडी यांच्यातही मोजा, तिथे काही दिसायला नको (एकच वायर असलेले, बॉडीतून अर्थ घेणारे सोलेनॉइड याला अपवाद). थंड असताना मोजून सगळं ठीक आलं आणि गाडी गरम झाल्यावरच अडकते, तर पुन्हा गरम असतानाच मोजायला हवं. थंड मापावर विश्वास ठेवून टीसीएम बदलला जातो, आणि तो बदलून काही साधत नाही. ऑन-ऑफ सोलेनॉइडला क्षणभर १२ व्होल्ट देऊन टक् असा आवाज ऐकता येतो. कमी ओहमच्या लिनिअर सोलेनॉइडला थेट बॅटरी लावू नका, त्यातून जास्त करंट जाऊन तो तापतो. आणि टक् वाजला म्हणजे तेल नीट जातंच असंही नाही.

कोड एकही नाही आणि तरी गाडी पुढचा गिअर घेत नाही, असंही होतं. तिथे आधी टीसीएमला काय सांगितलं जातंय ते बघायचं. लिव्हर डी वर आहे, पण स्कॅनरवर पोझिशन ३ किंवा २ दिसते का? लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबलचा बुश झिजला किंवा ॲडजस्टमेंट सरकली की लिव्हर एक सांगतो आणि गिअरबॉक्सवरचा हात (केबल जिला जोडलेली असते ती पट्टी) दुसरंच करतो. गिअरबॉक्स मुकाट खालच्या गिअरमध्ये राहतो, कारण त्याच्या दृष्टीने तुम्हीच तो मागितलाय. मॅन्युअल मोडचा किंवा प्लस-मायनसचा स्विच आत चिकटला तरी हेच होतं. कंप्युटरविरहित जुन्या गाड्यांमध्ये वेगाचा अंदाज गव्हर्नर घेतो. तो अडकला की गाडी पहिल्यातून निघतच नाही, आणि तिथे स्कॅनरचा काही उपयोग नाही. गव्हर्नर काढून साफ करायचा आणि थ्रॉटल केबलचं माप बघायचं. लिव्हरच पी मधून हलत नसेल तर तो वेगळाच विषय आहे: ब्रेक लाइटचा स्विच आणि शिफ्ट लॉक (ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर पी मधून न सोडणारं कुलूप) बघा.

मग गिअरबॉक्स कधी उतरवायचा? ऑइल पॅन काढा, हे काम गाडीखालूनच होतं. मॅग्नेटवर करड्या रंगाचा मऊ लेप असणं साहजिक आहे. बोटांना टोचणारे चकचकीत कण, पितळेचे तुकडे किंवा पॅनच्या तळाशी काळा गाळ आणि अस्तराचे तुकडे दिसले, आणि लाइव्ह डेटावर घसरणं मोजून झालंय, तर आतलं काम अटळ आहे. त्याआधी प्रेशर पोर्टला गेज लावून लाइन प्रेशर, म्हणजे पंपाकडून येणारा तेलाचा मुख्य दाब, मोजायला सांगा. सगळ्या गिअरमध्ये दाब कमी असेल तर पंप, फिल्टर किंवा प्रेशर रेग्युलेटर. दाब सगळीकडे भरपूर आणि घसरणं एकाच गिअरला, तर त्या क्लच पॅकची झीज किंवा त्याच्या वाटेवरची गळती. घसरणाऱ्या गिअरबॉक्सला मशीन लावून दाबाने फ्लश करणं मला पटत नाही, सुटलेला कचरा व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत जाऊन बसू शकतो. पॅन काढून फिल्टर आणि तेल बदलणं पुरेसं आहे, आणि तेही तेल खराब असेल तर. इलेक्ट्रिकल कोड असेल तेव्हा तेल बदलून काहीही होणार नाही.

ड्युअल क्लचच्या गाड्यांत एक सोपी खूण मिळते. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या डीक्यू२०० मध्ये एका क्लचवर पहिला, तिसरा, पाचवा, सातवा आणि दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा व रिव्हर्स आहेत. सम गिअर आणि रिव्हर्स एकदम गेले आणि विषम शाबूत असतील, तर दोष त्या एका बाजूला आहे. एएमटीमध्ये (ऑटोमेटेड मॅन्युअल) आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, गिअर टाकायचं काम ॲक्च्युएटर हे यंत्र करतं. क्लच बदलल्यावर लर्निंगची प्रक्रिया (कंप्युटरला नव्या क्लचची ओळख करून देणं) स्कॅनरने केली नसेल तर गाडी गिअरमध्ये अडकते, म्हणून नुकतंच काय काम झालंय ते आधी विचारा.

मॅन्युअल गाडीचा निर्णय एका साध्या चाचणीवर होतो. हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा आणि गिअर काढून बघा. इंजिन बंद असताना गिअर सहज निघतो आणि सगळे पडतात, सुरू असताना अडकतो, तर गिअरबॉक्स निर्दोष आहे. क्लच पूर्ण सुटत नाहीये. क्लच ऑइलची टाकी बघा, पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडतो का बघा. पडत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर अथवा स्लेव्ह सिलिंडर दाब धरत नाही. गाडी ओलीत बरेच दिवस उभी होती तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असू शकते.

इंजिन बंद असतानाही गिअर निघत नसेल, तर क्लच दाबून गाडी कोणाला तरी हलकेच मागेपुढे ढकलायला सांगा आणि त्याच वेळी लिव्हर ओढा. उतारावर गिअरमध्ये उभी केलेली गाडी दातांवरच्या ताणाने अडकते आणि एवढ्याने सुटते. चाकांखाली दगड लावल्याशिवाय हे करू नका. तरीही नाही निघाला, तर बॉनेटखाली जाऊन गिअरबॉक्सवरच्या हातापासून केबल किंवा रॉड सोडवा आणि तो हात थेट हलवा. तो व्यवस्थित हलला तर केबल, तिचा तुटलेला बुश किंवा लिव्हरखालचा सांधा, बाहेरच्या बाहेर होणारं काम. तो हातही घट्ट असेल तर सिलेक्टर फोर्क वाकलेला, सिंक्रोची स्लीव्ह गिअरवर अडकलेली किंवा एका वेळी दोन गिअर पडू न देणारं इंटरलॉक जाम झालेलं. न्यूट्रलमध्ये वाटणारा लिव्हर, पण चाकं जागची हलत नाहीत, हे दोन गिअर एकदम पडल्याचं लक्षण आहे. त्या गाडीला जोर लावून ओढू नका, केस फुटते. मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्स उतरवायचा प्रसंग इथे येतो.

तपास होईपर्यंत गाडी चालवावी का? लिंप मोडमध्ये घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत, हलक्या पायाने, घाट आणि चढ टाळून. तिसऱ्या गिअरमध्ये जागेवरून उचलताना टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलातून जोडणाऱ्या भागात, तेल फार तापतं, आणि आज वायरीचा असलेला दोष उद्या क्लच पॅकचा होतो. तेलाचा वास येऊ लागला किंवा इंजिन फिरतं पण गाडी पुढे ओढत नाही असं झालं की तिथेच थांबा. टो करायची वेळ आली तर फ्लॅटबेड (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक) मागवा, किंवा निदान ज्या चाकांना ताकद जाते ती उचलून न्या. ऑटोमॅटिकचा तेलपंप इंजिन फिरलं तरच फिरतो, चाकं नुसती ओढली तर आतले भाग कोरडे घासतात.

तुमच्या गाडीसाठी गॅरेजकडे आता एवढंच मागा: टीसीएममधले सगळे कोड आणि त्यांचा फ्रीझ फ्रेम, अडकण्याच्या क्षणाचा मागितलेला गिअर, इनपुट आणि आउटपुट स्पीड, प्रत्येक सोलेनॉइडचे गरम आणि थंड ओहम, आणि कनेक्टर काढल्यावर आतला फोटो. बंद-सुरू केल्यावर गाडी बरी होते, त्यामुळे मी आधी स्पीड सेन्सरची वायर आणि गिअरबॉक्सचा कनेक्टर उघडेन. ही मापं मिळाली की इथे द्या, सोबत गाडीचं मॉडेल, वर्ष आणि गिअरबॉक्सचा नंबर लिहा, म्हणजे त्याच्या तक्त्याशी जुळवून नेमकं सांगता येईल.